चिप यायच्या आधी

१९८० सालची गोष्ट. चिंचवडच्या एका लहानशा कंपनीत प्रभावती अजून हाती न आलेल्या यंत्रासाठी काम करत होती. लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, आपोआप चालवणारी एक पेटी कंपनीला बनवायची होती. तिचा मेंदू, म्हणजे बोटाएवढी प्रोसेसर चिप, परदेशातून यायला सहा महिने होते. मग प्रभावतीनं कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरलाच चिपची नक्कल करायला शिकवलं. चिप जशी आकडे वाचेल, बेरीज करेल, हुबेहूब तसंच त्यानं करायचं. त्या नकलेवर तिनं पेटीचा कारभार सांभाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. ती झकास चालू लागली.

"बाई, नवरदेव यायच्या आधीच वरात काढलीत की!" साहेब उद्धवराव हसायचे. पण त्यांची अट पक्की होती. चिप आल्यावर शनिवारपर्यंत सिस्टीम चालली नाही, तर बाहेरून तयार आणायची आणि प्रभावतीची गुंडाळायची.

चिप गुरुवारी आली. पेटीत बसवली, बटण दाबलं. दिवे वेडेवाकडे लुकलुकले आणि सगळं गप्प. नकलेवर मात्र तीच सिस्टीम सुरळीत!

शुक्रवारी दुपारी ती डोकं धरून लेथपाशी बसली होती. शिफ्ट बदलली. लेथ चालवणारा कोंडीराम आला आणि आधी चाक फिरवून त्यानं लेथची डायल शून्यावर आणली.

"कोंडीरामभाऊ, सकाळच्या शिफ्टनं शून्यावर ठेवली नव्हती?"

"भैरूनं? त्यो कुठंबी सोडून पळतो, ताई! आन् ठेवली आसती तरी मी इस्वास न्हाई ठेवत. आपलं शून्य आपण करायचं."

प्रभावती ताडकन उठली. तिची नक्कल दर वेळी स्वच्छ, शून्यांनी भरलेली मेमरी देत होती. खऱ्या पेटीत बटण दाबताच मेमरीत वाट्टेल ते आकडे असायचे, आणि सिस्टीम त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची!

तिनं नकलेच्या मेमरीतही मुद्दाम कचरा भरला. सिस्टीम तिथंही कोलमडली.

"बंद पडली! बंद पडली!" ती टाळ्या पिटू लागली.

"म्हणून पेढे वाटायचे का?" उद्धवराव दारातून म्हणाले.

"वाटा, साहेब! दुखणं सापडलं!"

सिस्टीममध्ये चार ओळी वाढल्या: सुरू होताच आधी मेमरी आपण पुसायची. शनिवारी लेथ आपणहून फिरला, कटर पुढे सरकला आणि कातलेला चकचकीत तुकडा खाली पडला.

"मंग आता मी काय करू?" कोंडीरामनं विचारलं.

"भैरूभाऊ आणखी काय काय उलटंसुलटं करतात, ते सांगा. माझ्या नकलेला सगळं शिकवते."

कोंडीराम स्टूल ओढून ऐसपैस बसला. "वही मोठी आणा, ताई."

"ए, मी हितंच हाय!" मागून भैरू ओरडला.