स्कोपवरची रेघ

लोकांना वाटतं, शास्त्रज्ञ म्हणजे सारखं डोकं चालवणारा माणूस. अहो, मी अख्खी सकाळ टाकीची गळती शोधत फरशीवर लोळत होते. कमरेचा पार काटा ढिला झाला. आणि सापडलं काय, तर रबराच्या रिंगखाली अडकलेला एक केस! माझाच असणार. आता गळतातच आहेत.

आमचं काम सांगायला सोपं. एक लांबलचक नळी, तिला आम्ही तोफ म्हणतो. दाबलेल्या वायूने तिच्यातून धातूची चकती उडवायची आणि टाकीतल्या स्फटिकावर आदळवायची. त्या धक्क्याने स्फटिकाची आतली रचना बदलते का, ते बघायचं. पापणी लवायच्या आत सगळं आटोपतं. स्फटिकाचा चुरा होतो, हाती उरते ती स्कोपच्या, म्हणजे विजेचा चढउतार टिपणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरची एक रेघ. तीही नाही आली, तर बसा चुरा झाडत.

आजचा स्फटिक ताईंचा होता. भट्टीपाशी बसून स्फटिक वाढवणाऱ्या आमच्याकडे त्या एकट्याच. हा त्यांनी वर्षभर वाढवला, हाताने घासून आरशासारखा केला आणि हा शेवटचा म्हणून सांगूनही टाकलं. हात थरथरायला लागले होते. रचना बदलते, असं त्या कधीपासून म्हणत होत्या आणि लोक मान हलवून सोडून देत होते. आज रेघेत एक पायरी दिसली, की सगळ्यांची तोंडं बंद.

"चला, कोण टेकवतंय?" तोफवाल्याने विचारलं.

ही आमची रीत. टाकीतून बाहेर काढलेल्या तारेच्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि स्कोप जागा होतो का बघायचं. चकती आली की तीही त्याला असंच जागं करते. मात्र तो एक रेघ घेतो आणि तीच धरून बसतो. म्हणून टेकवून झालं की त्याचं बटण पुन्हा दाबायचं. ते काम माझं.

"आज ताई टेकवतील," मी म्हटलं. मान त्यांचाच होता.

ताईंचा पहिला नेम हुकला. दुसराही. "मेली तार सरकतेय," त्या म्हणाल्या. तार जागची हलली नव्हती. मला बघवेना आणि नजरही काढवेना. शेवटी टेकला एकदाचा! पडद्यावर रेघ उमटली, तोफवाल्याने टाळी वाजवली, ताई माझ्याकडे बघून अशा हसल्या की मला भरूनच आलं. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना बाहेर घेऊन आले. दार लावलं.

"तयार?"

"तयार!"

धाड्! फरशी हादरली.

आत जाऊन बघते तर पडद्यावर मघाचीच रेघ. बटण मी दाबलंच नव्हतं. एवढं एक काम होतं माझं, एवढं एक! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तोफवाल्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने वायूची टाकी बंद करायला गेला.

"आली?" ताईंनी मागून विचारलं.

"नाही, ताई. मी बटण दाबायला विसरले."

त्या पडद्यापाशी आल्या. मग म्हणाल्या, "मग ही कुठली?"

"मघाची. तुम्ही टेकवलंत तेव्हाची."

त्यांनी चष्मा लावला. रेघ वर जात होती, खाली येत होती, करवतीच्या दातांसारखी. "अगं बाई! एवढा थरथरतो?"

"हाताचं नाही हो ते! धातू धातूवर उडतो. कुणीही टेकवलं तरी असंच येतं." अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि माझ्याच कानांना ते थाप वाटलं.

"बरं बरं," ताई म्हणाल्या. "दमलीयेस. घरी जा आता."

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. बटण दाबलं, टेकवला. पुन्हा दाबलं, पुन्हा टेकवला. आता बटण एकदाही विसरले नाही. "बघा ना, ताई! माझीही तशीच येतेय, बघा!"

"हो गं," त्या म्हणाल्या. पडद्याकडे त्या बघतच नव्हत्या. दोन्ही हात कोटाच्या खिशांत घालून दारात उभ्या होत्या.