कलावतीचं कोरं कपाळ

"आगं, ती टिकली काढ आन् मग खाजीव!" शेषराव बांधावरूनच ओरडला.

वांग्याच्या वाफ्यात कलावतीनं खुरपं टाकलं. "जीभ झडली का तुमची? सवाष्णीला टिकली काढ म्हनता?"

कपाळाची नुसती आग होत होती. टिकलीखालचं कातडं लाल होऊन पाणी धरायला लागलं होतं. आणि ही शहाणी काय करत होती, तर ते झाकायला रोज आणखी मोठी टिकली चिकटवत होती! महारोग निघाला तर पोटासाठी आलेल्या या हिंदी मुलखात मालकीण भाड्याच्या खोलीतून हाकलंल, या भ्यानं तिचा जीव अर्धा झाला होता.

शेवटी शेषरावनं तिला ओढतच आमेरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महारोग नाही. टिकलीच्या डिंकातल्या रसायनाचं कातडीला वावडं आलंय. इतकी वर्षं कातडीनं सोसलं, पण आता एकदा वैर धरलंय. नखाएवढा डिंक लागला तरी पुन्हा उठंल. बरं होईस्तोवर कपाळ कोरं ठेव, कुंकूबी नको.

कोरं कपाळ! नवरा रेल्वेच्या रुळावर राबणारा, कधी काय होईल नेम नाही. टिकली काढून तिनं पदराच्या गाठीत बांधली.

शेषराव तिथूनच कामावर गेला. दिवस कलला तशी डोंगराकडून धुळीची आंधी उठली. त्याच्या येण्याची वेळ टळून गेली. कलावती दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होती, तेवढ्यात मालकीण भंवरीदेवी आली. तिनं ते उघडं कपाळ बघितलं आणि छातीच पिटली.

"हाय राम! ये कब हुआ?"

कलावतीला वाटलं, शेषरावचंच काही बरंवाईट झालं. हिला कुठनं तरी कळलंय, आन् मलाच कुणी सांगितलं न्हाई! तिनं असा हंबरडा फोडला की शेजारपाजार गोळा झाला. मालकीण तिच्या गळ्यात पडून तिच्याहून मोठ्यानं रडायला लागली. कुणी कुणाला काही विचारीना.

धुळीनं माखलेला शेषराव गर्दीतून वाट काढत आला. "कोन गेलं गं?"

"तुमी!" कलावती म्हणाली.

मालकीण किंचाळून मागं सरली. सगळा उलगडा झाला तशी माणसं पोट धरून हसली. शेषरावही हसला. "बरं, मग मेल्याला भाकर वाढ. लई भूक लागलीया."

कलावती हसली नाही. तिनं त्याचे दोन्ही हात घट्ट धरले, ते सोडवंचनात.

"उद्या कामाला जाऊ नगा," ती म्हणाली.

"खुळी का काय? जावं तर लागंल."