वीतभर उंचीची घडवंची

मित्रांनो, तुम्ही काचेला नाक लावून जिच्याकडे बघताय, ती जुनी घडवंची म्हणजे मी. चार ठेंगणे पाय, वर दोन फळ्या, उंची जेमतेम वीतभर. या कॉलेजची पहिली विद्यार्थिनी माझ्यावर उभी राहून इंजिनिअर झाली. येणारे-जाणारे कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगते.

माझा जन्म इथल्याच वर्कशॉपमधला. यंत्रांच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या पडल्या होत्या, त्यांतून फोरमनकाकांनी मला ठोकून काढलं. काका म्हणजे ताडमाड माणूस. दारातून येताना मान वाकवायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच एक मुलगी इंजिनिअरिंगला आली होती. लेथवर, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, तिचा हात नीट पुरेना. काकांनी मला तिच्या पायांशी सरकवलं. "चढ पोरी. आता बघ कसा पुरतो हात!"

वर्गातला एक मुलगा टपलेलाच होता. "काय ताई, वरती हवा कशी आहे?"

ती मान न वळवता म्हणाली, "छान आहे. तुला टक्कल पडायला लागलंय, तेही दिसतंय इथून."

पुन्हा कुणी विचारलं नाही.

ती शिकली, इथेच शिकवू लागली आणि पुढे विभागप्रमुख झाली. सगळे तिला बाई म्हणू लागले. हळूहळू मुली वाढल्या. माझ्यासारख्या आणखी घडवंच्या झाल्या, तरी मान माझाच. बाई प्रत्येक नव्या मुलीला माझ्याकडे आणत. "घाबरू नकोस गं, मीसुद्धा हिच्यावरच उभी राहिले." ते ऐकून मी फुगून जायचे.

मग ते झालं. एका मुलीचं काम फार सुरेख जमलं. जरा लांबून बघावं म्हणून ती सहज एक पाऊल मागे गेली. आपण वर उभ्या आहोत हेच ती विसरली होती. मागे मी नव्हते. तिचं कोपर फरशीवर आपटलं आणि हाड मोडलं.

तिची आई धावत आली. तिने कुणाला बोल लावला नाही. फक्त माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "चालत्या यंत्रापाशी हे चढायला कशाला ठेवलंय?" मला वाटलं, फरशी दुभंगावी आणि आपण आत जावं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य स्वतः आले. "बाई, यापुढे मुलींना लेथ नको. त्याऐवजी ड्रॉइंग जास्त द्या."

"आणि सर, पदवी? तीही अर्धी फाडून द्यायची का?"

"अहो, चिडता काय? मुली अशा पडायला लागल्या तर आईबाप पाठवतील का?"

"पडायला नकोत, हे खरंय," बाई म्हणाल्या. "परीक्षेच्या आत मी काहीतरी करते. नाही जमलं तर तुमचं खरं."

ते गेल्यावर बाई मटकन माझ्यावरच बसल्या. इतक्या खाली त्या वर्कशॉपमध्ये कधी बसल्याच नव्हत्या. डोळ्यांसमोर लेथचे पाय आले आणि पायांखालचा सिमेंटचा ओटा. बाईंनी ओट्याला वीत लावून पाहिली. मग उठून माझ्या पायाला लावली. दोघांची उंची सारखीच.

फोरमनकाका आता निवृत्त होऊन कॉलेजच्या मागेच राहत होते. बाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"काका, हे ओटे कुणी घातले?"

"मीच की. यंत्रं आली तेव्हा. वाकून वाकून कंबर धरायची गं माझी."

"आणि ही घडवंची?"

"तीही मीच. तुझा हात पुरत नव्हता ना..." काकांनी ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ते उगाच पुसत राहिले. "अगं पोरी, म्हणजे आधी यंत्र मीच वर चढवलं, आणि मग तुलाही!"

"आणि मी प्रत्येकीला चढवत राहिले, काका. वर कौतुकानं."

मी तर इतकी वर्षं त्या ओट्याला खेटून उभी होते. मी होते म्हणूनच तो कुणाला दिसला नाही.

बाईंनी निम्म्या लेथखालचे ओटे फोडून घेतले. खाली आलेल्या यंत्रावर सगळ्यात आधी कोण धावलं? एक बुटका मुलगा. तो बिचारा लाजेनं कुणाला न सांगता विटेवर उभा राहायचा!

प्लास्टर निघाल्यावर ती मुलगी आली. काम झालं, तशी ती मागे सरायला गेली आणि थबकली. पायाने मागची जागा चाचपत राहिली.

"ये मागे," बाई म्हणाल्या. "जमीनच आहे."

ती आली. एक पाऊल, मग आणखी एक. परीक्षा तिने त्याच लेथवर दिली आणि मुलींचं लेथकाम चालू राहिलं. पण तिचं कोपर मात्र अजून पूर्ण सरळ होत नाही.

म्हणून मित्रांनो, मला जपू नका. तुमच्यात कुणाचा हात कुठे पुरत नसेल, तर त्याच्या पायांखाली काही सरकवण्याआधी जरा खाली बसून बघा. मला कुणीतरी वेळेवर सरपणात टाकलं असतं, तर एक हात आज सरळ असता.