हॅगस्टनच्या चढावरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि मी इथून हलणार नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

उत्तर इंग्लंडमधल्या एका शहराच्या कडेला हॅगस्टनचा चढ आहे. पायथ्याशी वाचनालय, टपाल कचेरी, औषधाचं दुकान आणि तळलेल्या माशांचं दुकान आहे. माथ्यावर घरं आहेत. मधे फक्त चढ आणि मी! एका सुताराने मला ओकच्या लाकडातून घडवलं. एड्ना ऑग्डेन यांनी मला नवऱ्याच्या आठवणीसाठी इथे बसवून घेतलं. माझ्या पाठीवरच्या पितळी पट्टीवर लिहिलं आहे: 'आर्थर ऑग्डेन यांच्या स्मरणार्थ. त्यांना हा चढ मुळीच आवडत नसे.'

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे कुणी मला च्युइंगम चिकटवलं, कबुतरांनी तर विचारूच नका. रंग उडाला, एक बोल्ट सैल झाला. तरी एड्ना आजी रोज सामानाची ढकलगाडी घेऊन चढत, माझ्यावर टेकत, दम खात आणि मगच घरी जात. त्यांच्या गुडघ्यांना तेवढाच चढ एका दमात झेपायचा.

मग शहरातल्या एका कंपनीला माझ्या जागी जाहिरातीचा झगमगता फलक हवासा झाला. बाक कुणी वापरतं का, हे पाहायला त्यांनी एक माणूस पाठवला. आणि तो शहाणा दिवसभर कुठे बसला? माझ्यावरच!

आता आमच्या लोकांची खोड ऐका. बाकावर अनोळखी माणूस असला, की शेजारी बसायचं नाही. उगाच त्याला त्रास कशाला! माथ्यावर राहणारे क्लिफर्ड आपल्या कुत्र्याला फिरवत आले, मान डोलावून म्हणाले, "गारठा आहे नाही आज?" आणि उभेच राहिले. एड्ना आजी आल्या. भिंतीला धरून धापा टाकत होत्या.

"बसा ना," तो माणूस म्हणाला.

"नको नको, तुमचं चालू द्या. मी ठीक आहे."

अहो, कसल्या ठीक! मी आतल्या आत ओरडत होतो, बस ना गं बये! पण लाकडाचं कोण ऐकतं? त्याने कळवलं, बाकावर दिवसभरात कुणीही बसलं नाही. मला उपटायचा दिवस ठरला.

एड्ना आजींचा मुलगा नायजेल माझ्यासमोरच आईला म्हणाला, "आई, आता पुरे. बाक गेला की तू दुकानात जाणार कशी? त्या वृद्धाश्रमात खोली रिकामी आहे. मी बोलून ठेवलंय."

"मी काय कपाट आहे का रे, इथून उचललं, तिथे ठेवलं? माझं घर मी सोडणार नाही!"

शाब्बास, आजी! मला भरून आलं.

ठरल्या दिवशी सकाळी कामगार डॅरन हत्यारं घेऊन आला. आजी आधीच येऊन बसल्या होत्या.

"उठता का आजी? बाक काढायचाय."

"दम खातेय रे राजा."

"किती वेळ लागेल?"

"म्हातारा दम आहे. त्याचं काय सांगावं!"

इतक्यात क्लिफर्ड आले. इतकी वर्षं ते आजींना फक्त मान डोलवत. आज लाजेने लालबुंद होऊन त्यांनी विचारलं, "इथे कुणी बसलंय का?" शेजारची जागा रिकामी आहे, हे त्यांना दिसत होतं बरं का. आजी सरकल्या. मग वाचनालयातली बेरिल आली, तीही दाटीवाटीने बसली. बाक काढणार ही बातमी चढभर पसरली होती; त्यानंतर जे आले त्यांना जागाच उरली नाही. मग आमचे लोक काय करणार? रांग लावली. थोडं बसायचं, उठायचं, पुढच्याला जागा द्यायची. आजींना मात्र कुणी उठवलं नाही. रांग खाली माशांच्या दुकानापर्यंत पोचली.

नायजेल आईला न्यायला आला. "रांग कसली आहे?" त्याने शेवटच्या बाईंना विचारलं.

"आजींच्या बाकाची."

तो त्यांच्यामागे उभा राहिला. पाळी आल्यावर आईला खेटून बसला. मग म्हणाला, "चढ भारीच आहे गं."

"तुझे बाबा हेच म्हणायचे," आजी म्हणाल्या. वृद्धाश्रमाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

डॅरनने साहेबांना फोन लावला. "काढता येत नाही, साहेब. रांग आहे. काय? रांगेत घुसू? मी? माझी आई मला घरात घेणार नाही!" फोन ठेवून तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. संध्याकाळी त्याचा नंबर लागला. बसला, पितळी पट्टी वाचून हसला आणि माझा सैल बोल्ट आवळून निघून गेला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, बाकावर कुणी एकटं असेल तर बिनधास्त शेजारी बसा. रिकामा दिसलेला बाक उपटायला लोक टपलेलेच असतात. माझ्यासाठी पुन्हा कुणी आलं, तर खुशाल येऊ दे. रांग माशांच्या दुकानापासून सुरू होते.