होळीआधी धुतलेली गोधडी

दोन हजार पंधरा सालची गोष्ट. शिवरात्र होऊन गेली होती आणि होळीला आठवडा होता. पुणतांब्याला आमच्या घरामागच्या आंब्याला मोहोर आला होता. सकाळी अंगावर शाल लागायची आणि दहा वाजता काढून ठेवावी लागायची, असे ते दिवस.

माझ्या थोरल्या जाऊबाई, रंगुबाई, तेव्हा ऐंशीच्या होत्या. मी त्यांना नुसतं बाई म्हणायची. दिवाळीत मोरीत पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या पडवीतल्या खाटेवर होत्या. मूलबाळ नव्हतं, भाऊजी जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांचं म्हणावं असं घरात एकच उरलं होतं, अंगावरची गोधडी. तिच्या पोटात त्यांच्या आईचं लुगडं होतं, भाऊजींची धोतरं होती, मागाहून नवे थर चढवताना घातलेली माझ्या मुलाची, अमृतची, झबली होती.

त्या गोधडीत मी पहिल्यांदा शिरले ती अडुसष्ट साली. मार्गशीर्षात लग्न होऊन आले, पंधरा वर्षांची. मालक रात्रपाळीचं पाणी धरायला मळ्यात गेलेले. मी भिंतीकडे तोंड करून कुडकुडत रडत होते. बाईंनी गोधडीचं टोक उचललं आणि म्हणाल्या, "ये आत. वारं शिरतंय." एवढंच. त्या हिवाळ्यात मी माहेराची आठवण काढायची थांबले, ती त्या उबेमुळे.

आमच्या घरात बाईंचा एक नेम होता. होळी पेटल्याशिवाय गोधडीला पाणी लावायचं नाही. धुळवडीला सगळ्या गोधड्या गोदावरीवर न्यायच्या, धुऊन खडकांवर टाकायच्या, संध्याकाळी घड्या करून माळ्यावर. सेहेचाळीस वर्षं मी तो पाळला.

त्या रविवारी माझ्या नातीला, मोनिकाला, बघायला कोपरगावची माणसं येणार होती. पडवीतूनच घरात यायची वाट. बाईंच्या गोधडीला मिसरीचा, मलमाचा आणि मुताचा वास येत होता. शुक्रवारी चहा देताना सून सविता म्हणाली, "आत्याबाई, राग नका मानू. पन पाव्हनी नाकाला पदर लावून बसली, तर पोरीला काय वाटंल?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर वासाची लाज मलाच जास्त वाटत होती. मी खाटेपाशी गेले.

"बाई, गोधडी द्या. धुऊन आनते."

"होळी झाली व्हय?"

"न्हाई. पन ऊन बघा की कसं पडलंय."

"उनाचं नको सांगू मला. थंडी जाता जाता मागं वळून बघती, चांगुणे."

"संध्याकाळपातुर वाळंल. माझा शब्द."

त्यांनी दोन्ही मुठींनी ती धरून ठेवली. मी एकेक बोट सोडवलं. जोर लावावा लागला नाही, त्यांच्यात तेवढी ताकदच नव्हती. वर नवं, मऊ, फुलाफुलांचं ब्लँकेट घातलं.

घाटावर बनुबाई धुणं धूत होती. मला बघून हसली. "काय गं, औंदा तुमची होळी आधीच पेटली?"

"पाव्हनी येनार हायती."

"मग थोरलीलाबी आन की खडकावर आपटायला. लख्ख निघंल!"

दोघी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

भिजलेली गोधडी म्हणजे मेलेलं वासरू. बनुबाईने एक टोक धरलं, मी दुसरं, तरी पिळली जाईना. खडकावर पसरली तोवर दुपार झाली. चार वाजता पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. शनिवारी सकाळी पाऊस सुरू झाला, सोबत झोंबरा वारा. मोहोर झडून अंगणभर पडला. बाजारात भरून ठेवलेला कांदा भिजला, पोरं शेकोट्या करून बसली. पाहुण्यांचा फोन आला, रस्ते खराब आहेत, नंतर कळवू.

बाईंना ब्लँकेट सोसेना. "हे अंगावर ठरत न्हाई. निसरतंय." दर थोड्या वेळाने विचारायच्या, "वाळली का?" मी म्हणायची, "वाळत आली." गोधडी शेजारच्या सहादेवच्या गोठ्यात बांबूवर टांगली होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. अमृतने डॉक्टरला आणलं. छातीत कफ झालाय म्हणाला, सुई टोचली, ऊब द्या म्हणाला.

रविवारी दुपारी मी ती गोधडी घरात आणून तिच्यावर इस्त्री फिरवायला बसले. वाफेने खोली भरली. तासाभराने एक वीतभर कोपरा वाळला. घाईत तो करपलाही. बाकी सगळी जड, गार. मी खाटेला पाट लावून त्याच्यावर गोधडी ठेवली आणि तो कोपरा बाईंच्या मुठीत दिला. त्यांनी डोळे न उघडता तो गालाला लावला.

मग ब्लँकेट उचलून मी त्यांच्या पाठीशी निजले. पाठ म्हणजे नुसत्या फासळ्या. त्या थरथरत होत्या आणि मी घट्ट धरून होते. बऱ्याच वेळाने थरथर थांबली. मला वाटलं, झोप लागली.

"बाई, बरं वाटतंय का?"

"व्हय." मग जरा थांबून, "तुला म्हनलं हुतं."

रागाने नाही म्हणाल्या. पण म्हणाल्या. माझ्याशी बोललेला तो शेवटचा शब्द.

सोमवारी सकाळी त्या गेल्या. दुपारी त्यांना उचलताना लख्ख ऊन पडलं होतं. रिवाजाप्रमाणे गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण नदीवर सोडतात. ते नवं ब्लँकेट गेलं. गोधडी ओली म्हणून पुन्हा गोठ्यात टांगलेली, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. मी आठवण करून दिली नाही. सुतकामुळे आमच्या दारात त्या वर्षी होळी पेटली नाही. तेराव्यानंतर गोधडी काढून आणली आणि तिच्यात तोंड खुपसलं. साबणाचा वास आला. मिसरी नाही, मलम नाही, बाई नाहीत.

कोपरगावच्या माणसांचा फोन पुन्हा आला नाही. मोनिकाला दीड वर्षाने पाथर्डीच्या शिक्षकाकडे दिलं, तिला आता मुलगा आहे. बनुबाईला अर्धांगवायू झाला, घाटावर येणं सुटलं, पुढच्या वर्षी ती गेली. सहादेवने गोठा मोडून तिथं दुकानाचे गाळे बांधले. अमृतची बदली नगरला झाली, तेव्हापासून आम्ही सावेडीत फ्लॅटमध्ये राहतो. सविता त्या शुक्रवारबद्दल कधी बोलत नाही. फाल्गुन लागला की माझं अंथरूण घालताना गोधडी नुसती झटकते आणि परत अंगावर घालते.

करपलेला कोपरा मी हनुवटीपाशी घेते. तिथली शिवण टणक झाली आहे, गालाला टोचते. ऊब मात्र आहे.