पाठीमागच्या टाचण्या

मी एक जुना काळा कोट आहे. मित्रांनो, व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका महाविद्यालयात, नोकऱ्या मिळवून देणाऱ्या खोलीच्या दारामागे मी लटकत असतो. ज्याच्याकडे कोट नाही त्याने मला घालून मुलाखतीला जायचे, अशी इथली पद्धत.

एका म्हाताऱ्या शिंप्याने मला जीव लावून शिवले. माझे अस्तर बघून लोक वाहवा करत. आता त्याची चाळण झाली आहे, ती व्यक्तिमत्त्व घडवणाऱ्या सरांच्या कृपेने! मी कुणालाच धड बसत नाही, म्हणून सर मला पाठीमागून टाचण्या लावतात. समोरून मूल अगदी ऐटबाज दिसते. मग सर बजावतात, "पाठ दाखवायची नाही. हसत राहायचं. पाठ केलेली उत्तरं घडाघडा म्हणायची." याला सर कौशल्य म्हणतात! माझे नुसते डोके फिरते. समोरच्या मुलाला काय येते, हे विचारायची तसदी या गृहस्थाने कधी घेतली नाही.

यंदा मला एका किडकिडीत मुलीने घातले. सुट्टीत ती मावशीच्या लाँड्रीत गिऱ्हाइके सांभाळायची. हरवलेला सदरा, जळालेला पडदा, सगळ्या भांडणांना तिने तोंड दिलेले. सरावात ती हे सांगू लागली, तर सर उखडले.

"लाँड्रीचं नाव काढू नकोस! कोटाची तरी लाज राख."

माझी लाज? मला विचारले होते का? पोरगी मात्र पाठ केलेली उत्तरे घोकू लागली. शिकलेल्या कामाची नोकरी मिळवायची ही तिची शेवटची संधी होती.

मुलाखतीत कंपनीच्या बाई म्हणाल्या, "माल पोचला नाही, गिऱ्हाईक चिडलंय. काय कराल? फळ्यावर मांडून दाखवा."

फळा तिच्या मागे होता. ती वळेना. हसतच म्हणाली, "प्रत्येक अडचण ही एक संधी असते..."

बाईंनी पेनाला टोपण लावले.

ते पाहिले आणि तिने मला अंगातून काढून खुर्चीवर भिरकावले. "मॅडम, आधी मी त्यांचं सगळं ऐकून घेईन. मावशीच्या लाँड्रीत मी असंच करायचे. माल कुठे अडकलाय ते कळल्याशिवाय खोटी वेळ देणार नाही." एवढे बोलून ती बिनधास्त फळ्याकडे वळली. बाईंनी टोपण काढले. खुर्चीवर पडल्या पडल्या मला इतके बरे वाटले म्हणून सांगू!

तिला नोकरी लागली. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला फोटोसाठी बोलावले आणि पुन्हा मलाच चढवले, टाचण्यांसकट.

"सर, पण मी तर कोट काढून..."

"तू हस फक्त!"

तो फोटो आता दारावर लागला आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे, 'आमच्या प्रशिक्षणाचे यश'.

मित्रांनो, जुन्या कपड्यांची निगा राखा, असे मी सांगायला हवे. ते राहू द्या. माझे अस्तर फाटले तरी चालेल. पण तुमच्या पाठीशी कुणी टाचण्या घेऊन उभा राहिला, तर त्याचा हात तिथेच धरा. मी केव्हाच धरला असता. पण मला नुसत्या बाह्या आहेत.