बिनआवाजाची भाजी

चार वर्षांच्या लेकीला घरात सगळे फौजदार म्हणायला लागले, याला कारण तिची आईच.

लेक फक्त पांढरं खायची. दूध, भात, ब्रेड आणि कुस्करलेला बटाटा. भाजी दिसली की ओठ असे घट्ट मिटायचे, की चमचा बिचारा बाहेर ताटकळत राहायचा. डॉक्टर म्हणाले, वजन ठीक आहे, जबरदस्ती करू नका. त्यांचं काय, सांगून मोकळे. इथे आईचा जीव टांगणीला. शेवटी एके दिवशी तिने उकडलेला फ्लॉवर लोण्यासारखा मऊ वाटला आणि बटाट्यात बेमालूम मिसळून टाकला. पहिले काही घास सुखाने गेले. मग दाताखाली एक इवलासा दांडा आला. लेकीने तो बोटावर काढला, उजेडात धरला आणि आईकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. ताट फक्त पुढे सरकवलं.

तेव्हापासून बटाटाही बंद. भाताची शितं वेगळी करून बघायची, दुधाचा वास घ्यायचा, ब्रेड फाडून आत डोकावायचं. फौजदारांची ही तपासणी चालू असताना आई समोर बसून एकेका घासावर नजर ठेवायची.

"अशी बघू नकोस," लेक म्हणायची.

"बघत नाहीये गं," आई बघत बघत म्हणायची.

भाजीचं राहू दे, आता पोरगी माझ्या हातचं कधी विश्वासाने खाणारच नाही, असं तिला राहून राहून वाटायचं.

अशात आत्या राहायला आली, म्हणजे लेकीच्या बाबांची थोरली बहीण. तिचा धंदा जगावेगळा. सिनेमात ऐकू येणारे आवाज ती करून द्यायची: दार करकरणं, पावलं वाजणं, हाडं मोडणं. तिच्या स्टुडिओत रंगकाम निघालं होतं आणि एका मारामारीच्या सिनेमाचं काम मानगुटीवर बसलं होतं. तेव्हा माइक, हेडफोन आणि भाजीची भलीमोठी पिशवी घेऊन तिने सरळ आतली खोली बळकावली आणि दाराखिडक्यांवर रजया टांगल्या.

"ताई, एवढी भाजी कशाला आणलीत? आपल्याकडे खाणारं कोण आहे?" आईने विचारलं.

"खायला कोण आणतंय? ही माझी हाडं आहेत. गाजर म्हणजे बोट, मुळा म्हणजे मनगट. कोबी पिरगाळला की मान गेली."

"लहान मुलासमोर काहीतरीच काय."

पण लहान मुलाने एव्हाना कान टवकारले होते. "आत्तू, मी मोडू हाड?"

दार लागलं. आईला आत मज्जाव. "तू सारखी उसासे टाकतेस, माइकमध्ये येतात," आत्याने सांगून टाकलं. मग आई दाराला कान लावून उभी राहिली. आत कडाकड चालली होती आणि मध्येच फौजदारांचा करडा आवाज यायचा, "हा अजून मेला नाही. पुन्हा मोड." आईने कपाळाला हात लावला. पोरगी भाजी खायची तर नाहीच, वर स्वप्नात ओरडत उठेल.

संध्याकाळी लेक फ्रॉकच्या ओच्यात तुकडे घेऊन बाहेर आली. "आई, डोळे मीट. मी काय मोडते ते ओळख."

"हिचा काही भरवसा नाही," म्हणत आत्याने आईच्या डोळ्यांवर नॅपकिन बांधला.

कट्. "गाजर." खच्. "काकडी." चर्रर्र. "कोबीचं पान." रोज भाजी चिरणारे कान ते, कसे चुकणार? लेक हिरमुसली. "तुला सगळंच येतं." मग एक वेगळाच आवाज आला. बंद खोलीतून यावा तसा, ओलसर, कुरुमकुरुम.

दात. आईचा हात आपोआप नॅपकिनकडे गेला.

"पट्टीला हात लावायचा नाही," आत्या म्हणाली.

आईने हात मांडीखाली दाबून धरला. आता बघितलं, की खेळ मोडला. "मुळा?" ती म्हणाली. आणि तिला खरंच कळलं नव्हतं. तोंडात गेल्यावर सगळ्या भाज्यांनी आपापली बोली बदलली होती.

"चूक. ढोबळी मिरची," लेक भरल्या तोंडाने म्हणाली आणि हसता हसता तिला ठसका लागला.

आत्या आपली हाडं संपवून गेली, पण खेळ राहिला. सगळंच काही गोड झालं नाही. मुळ्याबद्दल फौजदारांनी निकाल दिला, "बोलतो छान, पण चावतो," आणि तो थुंकून टाकला. आईने उसासा गिळला. पण तिला हरवायचं म्हणून लेक रोज नवी भाजी शोधायची, आणि आई हरतच चालली.

एका दुपारी लेकीने आईच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, स्वतःच स्टूल ओढलं, ओट्यावरून वाटीत काहीतरी घेतलं आणि समोर येऊन बसली. "सुरू केलं."

आईने कान दिले. काहीच नाही.

"अगं, काही ऐकूच येत नाही."

"नीट ऐक ना."

पट्टी सैल होती. खालच्या फटीतून फरशी दिसत होती, मान जराशी तिरकी केली असती तर वाटीही दिसली असती. खाते आहे की सांडते आहे, किती खाल्लं, गिळलं की नाही? आईने पट्टीच्या आत डोळे मिटून घेतले. "हरले बाई. कुठली भाजी?"

लेकीने तोंड तिच्या कानाशी आणलं. "लाल भोपळा. उकडलेला. त्याला आवाजच नसतो." त्या गरम श्वासाला भोपळ्याचाच वास होता. आईला हसू आवरेना.

"आता माझी पाळी," लेक म्हणाली. पट्टी आईच्या डोळ्यांवरून निघून तिच्या डोळ्यांवर गेली. "तू भरव. मी ओळखते."

आईने टोपलीत पाहिलं, ओट्यावर पाहिलं. मटार सोलून ठेवले होते. तिने दोनच दाणे चमच्यात घेतले आणि समोर धरले. फौजदारांनी वास घेतला नाही, बोट लावून पाहिलं नाही. पट्टी बांधलेला चेहरा नुसता वर झाला आणि तोंड हे एवढं मोठं उघडलं.

"दोनच?" चावून झाल्यावर लेक म्हणाली. "दोनात कसं ओळखू येणार? अजून दे."